एका रुपयाची उगवणचाचणी

गफूरचाचांच्या पंचाहत्तरीनिमित्त संशयवृत्तीचे स्तवन करण्याचे कार्य समितीने नेमके मजकडेच सोपविले. यामागील हेतू मला अद्याप संशयास्पद वाटतो.

चाचांचा व माझा प्रथम परिचय सोनाळ्यास झाला. मी तेथील बँकशाखेत लिपिक. ग्राहकांस मोबाइल बँकिंगची दीक्षा देणे हे वरिष्ठांनी लादलेले धर्मकार्य. गावाने बोगस बीटी बियाण्यापायी नुकताच एक हंगाम गमावलेला. माझ्या गुळगुळीत पत्रकांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. चाचा स्वतः कापूस पिकवीत आणि गावाचे अघोषित बीजपरीक्षकही होते. त्यांच्या अंगणातील ओल्या गोणपाटावर उगवल्यावाचून कोणतेही वाण शिवारात जात नसे. त्यांनी माझे पत्रक उलटसुलट न्याहाळले.

"पाकीट तं चकचकीत हाय, साहेब. तुमी सोता वापरता काय?"

मी सविनय दुसरे पत्रक पुढे केले.

"मंग पगार काढाले खिडकीपाशी काऊन उभे राह्यता?"

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. लज्जित होऊन मी ती सुविधा त्याच दिवशी स्वतः घेतली, चाचांच्या मोबाइलवरही सुरू करून दिली. त्यांनी चाचणी फर्मावली: सात दिवस, रोज एक रुपया, जळगाव जामोदला दिलेल्या लेकीस. प्रत्यही फोनवर "आला, अब्बा" ऐकू येई आणि ओट्यावरील मंडळी माना डोलवीत.

पाचव्या दिवशी रुपया चाचांच्या खात्यातून निघाला, पण लेकीकडे पोहोचला नाही.

"चाचा, हे बी बोगसच निंगालं," शेजारचे रामभाऊ म्हणाले.

चाचांची आयुष्यभराची पत त्या रुपयात अडकली. मी त्यांना बाजूस घेऊन सुचविले, की लेकीस मीच गुपचूप एक रुपया पाठवितो.

"गोनपाटावर बाहेरून उगवलेला दाना आनून ठेवू नाही, साहेब."

सहावा व सातवा रुपया वेळेवर पोहोचूनही दोन दिवस ओट्यावर चाचांची मनसोक्त थट्टा झाली. तिसऱ्या दिवशी तोच रुपया पोहोचला.

"सातातला एक उशिरा उगवला," चाचांनी जाहीर केले. "पेरा, पन थोडंथोडं."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर प्रथमच रांग लागली. पत्रक मात्र कोणीच मागितले नाही. माझ्या त्या कुटिल प्रस्तावाविषयी चाचांनी आजतागायत अवाक्षर काढलेले नाही. ही त्यांची मजवरील सर्वांत मोठी कृपा. आज ती मीच उघड करीत आहे.

चाचांस निरामय दीर्घायुष्य चिंतितो. तूर्त एकाच वर्षाचे पाठवीत आहे. पोहोचल्याचा त्यांचा फोन येताच शंभरीपर्यंतची उरलेली चोवीस रवाना करीन.