चार मिनिटं उशीर

आमच्या मामाने एकतीस वर्षं स्टेशनात काढली, पण त्याच्यामुळे गाडीला मिनिटाचाही उशीर झाला नाही. हे तो इतक्यांदा ऐकवायचा की घरात कुणी तिकडे कान देत नसे.

मामा सांधेवाला, रुळांचे सांधे बदलणारा. रूळ एकेरी. पुढच्या स्टेशनापर्यंत वाट मोकळी असल्याची खूण म्हणून तो एक लोखंडी गोळा वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो मिळाल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. ते कडं मामाच्या खांद्यावर असायचं, त्यामुळे त्याची मान जरा ताठच असायची.

मामी रुळांपलीकडच्या क्वार्टरमध्ये. गाडीच्या धडधडीने तिच्या फडताळातल्या बरण्या हलायच्या, पण गाडीत ती कधी बसली नव्हती. "जाऊ की कधीतरी, गाडी कुठे पळून जातेय!" मामा म्हणायचा.

गाडी बंद होण्याची नोटीस लागली, तेव्हा मामीने जाहीर केलं, "शेवटच्या गाडीने मी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार."

त्या सकाळी गाडी आली, ड्रायव्हरने हात पुढे केला, आणि मामीचा पत्ता नाही. ठेवणीतली चप्पल सापडेना! मामाने कडं दिलंच नाही. खांद्यावर घट्ट धरून क्वार्टरच्या दाराकडे बघत उभा राहिला.

स्टेशनमास्तर ओरडले, "अरे, गोळा दे! रजिस्टरात कारण काय लिहू?"

"लिहा, घरचं माणूस यायचंय."

चार मिनिटांनी मामी धापा टाकत आली, खिडकीशी बसली. मामाने कडं दिलं, हिरवा बावटा दाखवला. गाडी दिसेनाशी झाल्यावर मास्तरांनी विचारलं, "आता वहिनी परत कशाने येणार?"

परतीची गाडीच नव्हती. जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

मामा सात मैल रुळांवरून चालत गेला. दिवेलागणीला दोघं तसेच चालत परतले. मामीच्या हातात चपला, आणि चेहऱ्यावर हसू मावेना. "जाताना भुर्रकन गेली, काही दिसलंच नाही. येताना सगळं नीट पाहिलं."

आता फलाटावर झुडपं माजलीत, तिकिटाच्या खिडकीत पारवे राहतात. मामीला जाऊन दोन वर्षं झाली. मामा रोज तिथल्या बाकावर जाऊन बसतो. मला ते बघवत नाही, पण परवा मीही शेजारी जाऊन बसले. चेष्टेने म्हटलं, "मामा, शेवटच्या दिवशी नावाला बट्टा लावलासच की!"

तो हसला नाही.

"एकतीस वर्षांत तिच्यासाठी चारच मिनिटं थांबलो गं," म्हणाला.