बोनलेस मटणावरचं पिल्लू

एक्स-रे बघितला आणि टेबलावरचं कुत्र्याचं पिल्लू मी जरा जपूनच धरलं. सहा महिन्यांचं, अंगानं गुटगुटीत, पण हाडं पार पातळ. मागच्या पायाच्या हाडाला बारीक चीर गेलेली.

"कुठून पडला का हा?"

"पलंगावरून उतरला, मॅडम. एवढुसा तर पलंग हाय," शिंदेकाका म्हणाले. भिंगारला मिलिटरीच्या डेपोत ते क्लार्क होते. आता रिटायर. काकू वारल्या, मुलगा पुण्यात. घरात काका आणि हा राजा.

"खायला काय देता?"

"कच्चं मटन. पोरानं सुक्या खाण्याचा पुडा पाठवलाय, पन मन घेत न्हाई. मी रोज डब्याचं गार जेवतो. ह्याला तरी ताजं मिळू दे."

"हाडांसकट देता?"

"छ्या! घशात अडकलं म्हंजे? रोज सकाळी बसून एकेक कपची काढतो मी."

मला राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा. ते त्याला लस टोचून घ्यायला आले होते, तेव्हा मी आहार विचारलाच नव्हता.

"पोरगा म्हनतो, पुड्यात प्रोटीन जास्त हाय."

तसं नसतं. मटणात बहुतेक पाणीच असतं. पाणी वगळून तुलना केली, तर प्रोटीनमध्ये मटणच वरचढ. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून ओढून घेतं. सुक्या खाण्यात, म्हणजे किबलमध्ये, दोन्ही मापात घातलेलं असतं. हे सगळं मी काकांना सांगितलं.

"म्हंजे मीच त्याचा पाय मोडला."

मला नाही म्हणता आलं नाही.

"वाचंल ना? माझ्याशी बोलाय दुसरं कोन न्हाई."

"वाचेल. मटण बंद, पिल्लांचं किबल सुरू, आणि उड्या मारू द्यायच्या नाहीत."

दोन महिन्यांनी एक्स-रे चांगला आला. राजा चारी पाय टेकून दवाखानाभर हुंगत फिरला. मी खूश, काका गप्प.

"काय झालं?"

"वाटी भराय अर्धं मिनिट लागतं, मॅडम. मग दिवसभर मी काय करू?"

याचं औषध आम्हाला कॉलेजात शिकवलेलं नाही. "दर शनिवारी वजनाला आणा," मी म्हणाले. खरं तर गरज नव्हती. पण शनिवारी दुपारी दवाखाना ओस असतो, घरीही वाट बघणारं कुणी नाही, आणि मला ती दुपार खायला उठते.

आता ते येतात. वजन लगेच होतं, मग मी दोन कप चहा ठेवते.

किबलच्या पुड्यावर 'संपूर्ण आहार' असं छापलेलं असतं. कुत्र्यापुरतं ते खरं आहे.