रक्तगटाचा गृहपाठ

मी शाळेत गेले ती चौथीपर्यंत. पुढचं माझं शिक्षण लेकीच्या वह्यांवर झालं. तिची शाळा सकाळची. दुपारी जेवून ती आडवी झाली की मी तिचं दप्तर उघडायचे आणि त्या दिवशी काय शिकवलं ते वाचून काढायचे. अडलं तर संध्याकाळी तिलाच विचारायचे. ती म्हणायची, "आई, परीक्षा तू दे ना, मी भांडी घासते."

अंधेरीला आम्ही तिघंच. हे एमआयडीसीत कामाला, मी घरी, आणि ही. आता सांगूनच टाकते, म्हणजे पुढचं कळेल. ही आमच्या पोटची नव्हे. माझी तीन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा हिला संस्थेतून आणली, अडीच महिन्यांची. आणि घाटकोपरची खोली सोडून इकडे आलो ते मुद्दाम, कुणाला काही ठाऊक असायला नको म्हणून. तिला सांगायचं होतंच हो. शाळेत जाऊ दे, मग सांगू. चौथी होऊ दे. जरा मोठी होऊ दे. असं करता करता ती नववीत गेली. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट.

त्या वर्षी विज्ञानाला नव्या बाई आल्या. तरुण, हौशी. ओळखीच्या लॅबमधून कसल्याशा बाटल्या आणून त्यांनी अख्ख्या वर्गाची बोटं टोचली आणि रक्तगट काढले. लेक घरी आली ती बोट नाचवत. "मी बी आहे."

ती झोपल्यावर मी वही उघडली. आत कोष्टक होतं. आईबापांचे गट कुठले असले तर मुलाचा कुठला असू शकतो, याचं. खाली गृहपाठ: आईबाबांचे रक्तगट विचारून लिहा, तुमचा गट कोष्टकाशी जुळतो का ते शनिवारी सांगा.

माझा गट ओ. हॉस्पिटलच्या कागदांवर तीनदा पाहिलेला. यांचाही ओ, कारखान्याच्या पासावर फोटोखालीच छापलेला. कोष्टकात ओ आणि ओ यांच्यापुढे एकच अक्षर होतं, ओ. मी त्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं, जसं काही वाचून वाचून ते बदलणार होतं.

उठल्या उठल्या तिने विचारलं, "आई, तुझा गट काय गं?"

"कागद ट्रंकेत आहेत. बघून सांगते."

यांचा पास मी पिठाच्या डब्यामागे लपवला. सकाळी यांना कामावर निघायचं तर पास सापडेना, यांनी सगळी खोली उलथीपालथी केली. शेवटी मीच काढून दिला आणि दाराबाहेर नेऊन सगळं सांगितलं.

"मग तुझा बी सांग," हे म्हणाले. "कोण तपासायला येतंय?"

"आणि उद्या मला रक्त लागलं तर? ती धावत जाऊन बीची बाटली आणेल."

हे पासावरचं पीठ झटकत गेले.

मी तडक शाळेत. बाई प्रयोगशाळेत डबा खात बसल्या होत्या. मी चौदा वर्षं कुणाला न सांगितलेलं त्या पोरीएवढ्या बाईला सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"ताई, मी हा विचारच केला नाही. मला वाटलं, मुलांना मजा येईल."

मग डबा बाजूला सारून म्हणाल्या, "एक आडवाट आहे. एक फार दुर्मिळ रक्त असतं, आपल्या मुंबईतच पहिल्यांदा सापडलेलं. असा माणूस साध्या तपासणीत ओ दिसतो, पण त्याचं मूल बी होऊ शकतं. तुमचं तसं आहे असं म्हणता येईल. पण ते खरं नसेल, आणि मी वर्गात तसं सांगणार नाही. घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. गृहपाठाची सक्ती मी मागे घेते."

खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत मी त्या दुर्मिळ रक्तावर खूश होते. 'माझं रक्त दुर्मिळ आहे' हे वाक्य रस्त्याने घोकत आले. शनिवारी शाळा सुटायच्या आत ते पाठही झालं.

ती आली तेव्हा मी मोड आलेले वाल सोलत बसले होते. तीही शेजारी बसून सोलायला लागली.

"आज बाईंनी काय केलं माहितीये? म्हणाल्या, मी तुमच्या घरचं विचारलं, पण घरच्यांना विचारलं नाही. हे बरोबर केलं का? अख्खा तास भांडण."

"कोण काय म्हणालं?"

"एक जण म्हणाला, माझे बाबा दुबईला आहेत, पत्र पाठवून रक्त विचारू का? सगळे हसले. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, माझे बाबा आमच्यात राहत नाहीत, मला विचारायचंच नाही. मग कुणी हसलं नाही. शेवटी ठरलं, ज्याचं रक्त त्याची परवानगी. बाई म्हणाल्या, नाही म्हणणाऱ्याचे मार्क जाणार नाहीत." मग तिने माझ्याकडे न बघता एक वाल सोलला. "तुला पण सांगायचं नसेल तर नको सांगू. तू दोन दिवस ट्रंक उघडलेलीच नाहीस."

पाठ केलेलं वाक्य ओठावर होतं. ते आलं नाही. मी म्हटलं, "माझा ओ. बाबांचाही ओ."

तिला कोष्टक माझ्याइतकंच पाठ होतं. हात थांबला. मग मी सगळं सांगितलं, संस्थेचं, आणली तेव्हा तिच्या अंगावर असलेल्या पिवळ्या झबल्याचं, सगळं. रडलो दोघी, ते असो. बऱ्याच वेळाने नाक पुसून तिने विचारलं,

"म्हणजे बाबांचा दमा मला होणार नाही?"

माझी सासू, तिलाही खरं ठाऊक नव्हतं, गावाहून आली की दर खेपेला म्हणायची, बापाशीचो दमो हिका लागतलो. पोर लहानपणापासून ते भय मनात धरून होती आणि मला पत्ता नाही.

"बाबांकडून तरी नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला हसू फुटलं. इतक्या वर्षांत मी तशी हसले नव्हते.

पुढचे दोन दिवस ती गप्प गप्प होती, हे लपवत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यांच्या मांडीवर पाय टाकून पेपर वाचत बसली, पूर्वीसारखी, तेव्हा यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वही उघडली. गृहपाठाच्या पानावर तिने लिहिलं होतं: आई ओ, बाबा ओ, मी बी. तिघांची परवानगी घेतली आहे. खाली बाईंनी लाल पेनने बरोबरची खूण केली होती.