फोनातलं तिकीट

तुळजापूरचे धुळाप्पा कंडक्टर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तिकिटाचा धाक काही अंगातून गेला नाही. नोकरीत त्यांचा एकच कायदा : हातात तिकीट नाही, तर माणूस गाडीत नाही. "खिडकीतून उडालं हो," म्हणत रडकुंडीला आलेल्या बाईलाही त्यांनी पुन्हा पैसे घेऊन दुसरं तिकीट फाडलं होतं. कडक म्हणजे कडक!

आणि अशा माणसाच्या नशिबी विमानाचं तिकीट आलं ते फोनातलं. आता बोला! दिल्लीला थोरले भाऊ सोमलिंग अण्णा शेवटच्या घटका मोजत होते. बाप लवकर गेला, तेव्हा ह्याच अण्णांनी धुळाप्पांना हाताला धरून वाढवलं होतं. पुतण्या इंद्रजितचा फोन आला, "काका, बाबा सारखं तुमचंच नाव घ्यायलेत. लवकर या." विमानात चढायचा पासही त्यानंच फोनवर पाठवला. सून अर्पितानं तो उघडून दिला. म्हणाली, "मामा, एवढंच दाखवायचं. दुसरं कायबी दाबू नका."

एसटीनं पुणं येईपर्यंत धुळाप्पा पास जागेवर आहे का ते बघतच होते. विमानतळावर खिडकीतल्या मुलीला त्यांनी विनवलं, "बाई, कागदावर द्या की."

"मोबाईलवरचा चालतो काका, काळजी करू नका."

काळजी करू नका! हे कंडक्टरला सांगायचं?

विमानात सोडायच्या रांगेत पुढं थोडीच माणसं उरली होती आणि फोन थरथरला. पास गायब! त्याच्या जागी इंद्रजितचं नाव. हा उचलला आणि तिकीट परत आलंच नाही, तर अण्णांपर्यंत पोचायचं कसं? त्यांनी लाल खूण दाबली. पास परत आला. पुन्हा फोन वाजला, पुन्हा दाबला. "ह्या पोराला येळवखत कळत न्हाय," असं पुटपुटत त्यांनी फोन यंत्रापुढं धरला. हिरवा दिवा लागला. केवढं हायसं वाटलं त्यांना! आत गेल्यावर सांगितल्याप्रमाणं फोन बंद करून टाकला.

दिल्लीला इंद्रजित घ्यायला आला होता. पाया पडला आणि मान खालीच ठेवून म्हणाला, "काका, बाबा गेले. मधी चांगले शुद्धीवर आले होते. 'धुळ्याला फोन लाव' म्हणाले. दोनदा लावला. फोन त्यांच्या कानालाच धरला होता मी."

धुळाप्पांनी फोन सुरू केला. पास होता तिथंच होता.

आता फोन वाजला की धुळाप्पा खरकट्या हातानं का होईना, पहिल्या घंटीला उचलतात. परवा जेवताना असाच वाजला. कर्ज पाहिजे का, म्हणून कुणी पोरगी विचारत होती.

"कट करा मामा, फालतू हाय," अर्पिता म्हणाली.

धुळाप्पांनी मान हलवली आणि फोन कानाला आणखी घट्ट धरला.

"बोल माय, बोल," ते म्हणाले. "मी ऐकायलोय."