थंड कपाळ

आमच्या घरात ताप वडिलोपार्जित. लोकांना वाटणीत शेत मिळतं, भांडी मिळतात. आम्हाला ताप मिळाला. वडिलांना होता, मला होता, मग माझ्या लेकीला आला. पोट दुखायचं, अंग भट्टीसारखं तापायचं, दोन-तीन दिवसांत आपोआप उतरायचं आणि पोरगी पुन्हा गल्लीत लंगडी घालायला हजर. जंतू नसताना शरीर स्वतःच पेटतं, असा हा आजार असतो आणि तो रक्तातून खाली उतरतो, हे फार पुढे कळलं. तोवर आम्ही त्याला ‘आपला ताप’ म्हणायचो, जणू घरचाच माणूस.

खान्देश सोडून पोटासाठी आलो त्या सुरतेत मात्र या माणसाला लपवावं लागे. प्लेगची साथ नुकतीच होऊन गेली होती. उधन्याच्या आमच्या चाळीत कुणाचं पोर खोकलं तरी समोरचं दार लागायचं. शेजारच्या गुजराती बेन एरवी वाटीभर कढी घेऊन आत येणाऱ्या, पण त्या दिवसांत उंबऱ्याबाहेरूनच विचारायच्या, “ताव तो नथी ने?” म्हणून कापड गिरणीतल्या लूमवरून आलो की चप्पल काढण्याआधी मी लेकीच्या कपाळाला हात लावी आणि दारातूनच जाहीर करी, “ताप नाही!” सगळ्या चाळीला ऐकू जाई. तसाही मी मोठ्यानंच बोलतो. इतकी वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहिल्यावर कान उरतात ते मफलर अडकवायला.

पण हाताचा मला गर्व होता. घरात थर्मामीटर होता. तो चुकतो की काय, हे माझ्या हातावरून ठरे. शेजारणी पोरं कडेवर घेऊन यायच्या. मी डोळे मिटून कपाळ चाचपायचो आणि निकाल द्यायचो. फी नव्हती, रुबाब भरपूर होता.

लेकीच्या तोंडाभोवती अधूनमधून लाल चट्टे उठत, खोकला लागे. चट्टे दिसले की मी म्हणे, ताप बाहेर पडतोय, चांगलंच आहे. खोकल्याचं खापर लूमच्या धुळीवर.

बायको म्हणे, “अहो, हे ताप नसतानाही येतं. काहीतरी खाण्यातलं आहे.”

मी हसायचो. जन्मभर ताप अंगावर काढलेल्या माणसाला ही तापाचं शिकवणार!

त्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ गावाकडून भरताची वांगी घेऊन आला. चाळीमागे वांगी भाजली, भरतात मूठ-मूठ शेंगदाणे पडले. लेक म्हणाली, “मला नको. तोंड खाजतं.”

“खान्देशनी पोर आनि भरीत नको?” दादानं लाडानं घास भरवला. सगळे हसले. तिनं गिळला.

थोड्या वेळानं ती भिंतीशी जाऊन आडवी झाली. ओठ सुजले, चट्टे गळ्यापर्यंत आले. पंगत थांबली.

“काय व्हयनं?” दादानं विचारलं. सगळे माझ्या हाताकडे बघू लागले. मी कपाळाला हात लावला. गार. एरवीपेक्षाही गार, जरा ओलसर.

“ताप नाही!” मी जाहीर केलं.

खिडकीतून बेन “हाश!” म्हणाल्या. दादानं आणखी एक पुरी घेतली. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं.

बायको तेवढी हलली नव्हती. “अहो, तिच्या छातीत शिट्टी वाजतेय.”

मी कान लावला. काहीच नाही. “कुठे काय?”

तिनं माझं मनगट धरलं आणि पंजा पोरीच्या छातीवर दाबला. “कानांनी येत नाही ना? मग हातानं ऐका.”

तळव्याखाली फासळ्या आत ओढल्या जात होत्या. आत काहीतरी बारीक थरथरत होतं, तुटायला आलेल्या तारेसारखं. पोरगी माझ्याकडे बघत होती, पण बोलायला तिच्याजवळ वारा नव्हता.

बेननी काही न विचारता आत येऊन पोरीला उचललं आणि रस्त्यावर रिक्षा अडवली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं. मी आपला सांगत होतो, “डॉक्टरसाहेब, ताप नव्हता हो.”

“तेच तर,” ते तिच्या नाडीवरून नजर न काढता म्हणाले. “तुमचा तो नेहमीचा ताप वेगळा, ही ॲलर्जी वेगळी. एका अंगात दोन्ही राहू शकतात. खाल्लं काय?”

हळूहळू तिच्या ओठांचा रंग परतला. मग ती रडली. ते रडणं मला चक्क ऐकू आलं.

घरातून शेंगदाणा गेला. ताप येत राहिला. पंचाईत एवढीच झाली, की गरम कपाळाची भीती होतीच, त्यात थंड कपाळाची भर पडली.

आता लेकीला मुलगा आहे. मी गेलो की तो पळत येतो. माझा हात आधी त्याच्या कपाळावर जातो, मग छातीवर, आणि तिथे बराच वेळ राहतो. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत असते.

मी हल्ली जाहीर काही करत नाही.