पाणी सोडा, मामा!

माझ्या बायकोचे मामा वेळ पडली तर अंगातलं रक्त काढून देतील, पण भांडंभर पाणी कुणाला वाया घालवू देणार नाहीत. अख्ख्या भिवंडीत असा पाण्याचा राखणदार दुसरा नाही! दापोडे गावातल्या त्यांच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, मामा शेठ झाले, दारात नळ आला, तरी अंगणात ड्रम, कळश्या, तेलाचे डबे काठोकाठ भरलेले. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो, तर हात धुताना माझ्या हाताखाली त्यांनी स्वतः बादली धरली. मला वाटलं, काय हा जावयाचा मान! ते पाणी लगेच कढीपत्त्याला गेलं.

अशा माणसाने घ्यावं काय, तर जीपमागे ओढायचं चाकांवरचं घर! कारण मामी. त्यांचे गुडघे गेलेले. जिना चढवत नाही, लांबच्या संडासापर्यंत चालवत नाही, म्हणून त्या कुठे जातच नसत. आणि बाईंना एकदा तरी बर्फ बघायचा होता. मामांनी पूर्णा गावच्या एका गॅरेजवाल्याकडून गाडी बांधून घेतली. आत पलंग, शेगडी, गिझर आणि पलंगाला लागूनच संडास. गॅरेजवाल्याने बजावलं होतं, "थंडीच्या मुलखात संध्याकाळी सगळं पाणी काढा. लाईनीत राहिलं तर गोठून पाइप फोडेल, मग संडास बंद." हे ऐकलं मी एकट्याने. मामा तेव्हा टाकी अजून मोठी करा म्हणून भांडत होते.

मागच्या थंडीत मी काल्हेरच्या गोदामात ड्युटीवर होतो. हिमाचलातून मामांचा फोन आला. ऊन डोंगराआड चाललंय आणि शेजारचा ट्रकवाला पाणी काढा म्हणून मागे लागलाय. "टाकी भरलेली हाय, जावईबापू. सांडू कशी?" पाइप फुटला तर मामी पुन्हा दापोड्याबाहेर पाऊल टाकणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मामा, टाकीखालचा कॉक उघडा!"

"आधी भांडी भरून घेतो."

"भांडी गेली खड्ड्यात! ऊन आहे का अजून?"

"गेलं."

कपाळ माझं! इकडे ट्रकवाले हॉर्न मारतायत, मी एका कानात बोट घालून ओरडतोय. कॉक उघडला. गिझरचं बूच निघेना. पाना घसरला, मामांनी हिमालयाला भिवंडीची ठेवणीतली शिवी हासडली. शेवटी पाण्याचा भळभळ आवाज आला आणि मामा कळवळले, "आई गं, कसलं गोड पानी चाललंय!" मग सगळे नळ उघडून टायरच्या पंपाने लाईनीत हवा मारायला लावली.

"थेंब येतोय?"

"येतोय."

"मारा अजून."

"आता निसती हवा येते."

मी कानातलं बोट काढलं. तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "पन रातची ही उठली तर? संडासात पानी कुठलं?" आणि रेंज गेली.

सकाळी फोन मामींचा. "पाइप शाबूत हाय," त्या म्हणाल्या आणि खो खो हसत सुटल्या. मामांनी कॉकखाली गुपचूप भरून ठेवलेली भांडी रात्रीत दगड झाली होती. पण एका कळशीचं तोंड घट्ट बांधून मामा तिला गोधडीत कुशीत घेऊन झोपले होते. "मना पाठ, न कलशीला मिठी!" रात्री मामी उठल्या तेव्हा त्यातलं पाणी पाण्यासारखंच होतं. बर्फही त्यांनी खिडकीतून पोटभर बघितला.

परत आल्यावर मी चिडवलं, "मामा, दारात नळ आहे. आता तरी सोडा हा नाद." एरवी अंगावर धावून आले असते. या वेळी नाही. आत मामी भिंतीचा आधार घेत चुलीकडे चालल्या होत्या. त्यांच्याकडे बघत मामा म्हणाले, "आमच्या विहिरीत खाडीचं खारं पानी उतरायचं. गोड्या पान्याला ही पार पल्याडच्या गावात जायची, डोक्यावर हंडे घेऊन. न मी तेच पानी अंगावर बादल्या बादल्या ओतायचो, मर्दासारखा. गुडघे काय उगाच गेले? एका शब्दानं बोलली न्हाय कधी. मना लय उशिरा कललं."