मुद्देमाल माझ्याच खिशात

ती केस आठवली की आजही माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. नोकरीत मी दरोडेखोर पकडले, रेतीचोर पकडले, एकदा तर चोरीची म्हैस पोहत जाऊन पकडली. पण जुने सहकारी भेटले की त्यांना हीच केस आठवते. म्हणून आता मीच ती सांगून टाकतो. दुसरा सांगतो तेव्हा उगाच मीठमसाला घालतो, आणि तशी गरजच नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात. मी घाटावरून बदलून आलेला फौजदार. पोलीस ठाण्यात त्या काळी चहाबरोबर दोनच विषय निघत: विरारला प्लॉट घ्यायचा की कंपन्यांचे शेअर? माझी पोस्टात थोडी शिल्लक होती. बायको म्हणे, जागा घ्या. मी म्हणे, शेअर. आयुष्यात शेअर डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण घरात मत असावं लागतं.

अशात एक ख्रिस्ती गृहस्थ तक्रार घेऊन आले. मुंबईच्या एका कंपनीत कारकून, राहणार विरार. वडिलांनी मरण्यापूर्वी दोन्ही मुलांना समोर बसवून विचारलं होतं, "गिरीजची वाडी आणि माझ्या कंपनीचे शेअर, कुणाला काय हवं?" याने शेअर घेतले. थोरल्या बहिणीने वाडी घेतली. शेअर अजून वडिलांच्याच नावावर होते, आणि आता कपाटावरच्या पाकिटातून ते नाहीसे झाले होते.

"त्या रविवारी घरी कोण कोण आलं होतं?"

"चर्चमधली मिस्सा झाल्यावर बहीण आली, केळी घेऊन. आणि बोळिंजच्या प्लॉटचा एक एजंट. पण त्याचा काही संबंध नाही, साहेब. तो तासभर शेअरला शिव्याच देत होता. म्हणाला, हे नुसते कागद आहेत, विका आणि जमीन घ्या."

मला ते पटलं. जो माणूस एखाद्या वस्तूला इतकी नावं ठेवतो, तो ती चोरेल कशाला? हा माझा त्या केसमधला पहिला निष्कर्ष. पुढचेही असेच आहेत.

"बहिणीवर संशय?"

ते खाली बघत म्हणाले, "वाडीच्या विहिरीचं पाणी खारं व्हायला लागलंय. तिला वाटत असेल, आपण चुकीचं निवडलं. पण गावात बोभाटा नको, साहेब. ती टीचर आहे."

घरातल्या चोरीचा, कलम ३८० खाली, गुन्हा नोंदवला आणि बोभाटा न करता गिरीजला गेलो. बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून तिच्या ओट्यावरच चौकशी. चाळिशीची, अविवाहित, मराठी शाळेत शिकवणारी बाई. वह्या तपासत होती. मला बसायला सांगून तिने हातातली वही आधी पूर्ण केली.

"मला शेअर हवे असते तर बाबांनी विचारलं तेव्हाच मागितले असते," ती म्हणाली. "पहिली निवड माझी होती. मी थोरली."

"मग का नाही मागितले? वाडीला पाणी लागतं, मजूर लागतो. शेअर आपले पडल्या जागी वाढतात."

"तुमच्याकडे आहेत का?"

"नाहीत."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

माझे रायटर हवालदार माझ्या मागे बसून जबाब लिहीत होते. ते तिथे खोकले. हे हवालदार नोकरीत माझ्यापेक्षा बरेच जुने, आणि त्यांचं खोकणं मी पुढे ओळखायला शिकलो.

दोन दिवसांनी खबर आली. खाडीकडच्या गावातला, सायकलवरून अंडी विकणारा माझा एक खबरी होता. म्हणाला, "साहेब, टीचर सांजचे वाडीत खड्डं खनत व्हती. मी माझ्या डोल्यांनी पाह्यलं." झालं! मी दोन शिपाई, दोन पंच आणि फावडी घेऊन वाडीत उतरलो. ताजी माती दिसेल तिथे खणलं. प्रत्येक खड्ड्यात नुकतं लावलेलं केळीचं पिल्लू निघालं आणि त्याखाली भरपूर शेणखत. पंचनाम्यात हवालदारांनी अक्षर न अक्षर लिहिलं: "सदर ठिकाणी शेण मिळून आले."

टीचर कडेला उभी होती. एवढंच म्हणाली, "विहिरीवर साबण ठेवलाय."

बाईचा हा थंडपणाच मला संशयास्पद वाटला. वरिष्ठांचा तगादा होता. मी ठरवलं, सोमवारी अटक. सरकारी अनुदानाच्या शाळेतली शिक्षिका. अटक झाली की निलंबन, आणि गावात तोंड दाखवायला जागा नाही. हे मला माहीत होतं. मला वाटलं, त्या धाकानेच ती कबूल होईल.

पण अटकेआधी मला एक कळायला हवं होतं: चोरीचा शेअर विकतात तरी कसा? म्हणून मी त्या प्लॉटच्या एजंटला माहिती द्यायला बोलावलं. कुठल्या गुन्ह्यासाठी ते सांगितलं नाही. गडी आला, पांढराशुभ्र बुशशर्ट, कपाळाला गंध. आधी जमिनीचं गुणगान झालं. मग तो म्हणाला, "साहेब, तुमची शिल्लक कुठे असते?"

"पोस्टात."

"अरेरे! मुली किती?"

"दोन."

"लग्नाचं काय ठरवलंय?"

अर्ध्या तासाने तो गेल्यावर हवालदारांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "साहेब, जबाब लिहिलाय. पण यात प्रश्न सगळे त्यांचे आहेत आणि उत्तरं तुमची."

मी तो फाडला. कारण जाता जाता एजंट माझ्या कानाशी लागला होता: "मी लोकांना जमीनच सांगतो. पण तुम्हाला शेअरच हवेत ना? माझ्याकडे एका चांगल्या कंपनीचे आहेत. रांग नाही, फॉर्म नाही. ट्रान्स्फरच्या कागदावर विकणाऱ्याची सही तयार आहे, खाली तुमचं नाव घाला. बाजारभावापेक्षा कमीत देतो, तुम्ही आपले म्हणून." सोमवारी सकाळी, पोस्टातून काढलेल्या पैशांत, अर्धे शेअर माझ्या हातात आले. उरलेल्यांचे पैसे संध्याकाळी द्यायचे होते. काय तो कागद! जाडसर, कडेला वेलबुट्टी. मी कंपनीचं नाव वाचलं, शेअरचा आकडा वाचला आणि मनातल्या मनात धाकटीचंही लग्न उरकलं. तक्रारीतली कंपनीही हीच होती, पण तिचे शेअर हजारो लोकांकडे असणार, असं मीच मला समजावलं. कागद खिशात घातले आणि टीचरच्या अटकेला निघालो.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून मागवलेली महिला शिपाई बरोबर होती. टीचर साडी बदलून तयार. तिला आधीच कळलं असावं. मी शेवटचा प्रयत्न केला. जरा आपुलकीने म्हणालो, "बाई, कशाला स्वतःचं नुकसान करता? कागदच आहेत ते. हे बघा, मीसुद्धा घेतलेत. असेच होते ना?" आणि खिशातून काढून तिच्यापुढे धरले.

तिने चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "साहेब, हे माझ्या बाबांचं नाव आहे."

हवालदार खोकले नाहीत. तेवढ्यावरून मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

"आणि ही विक्रीची सही," ती पुढे म्हणाली, "तारखेप्रमाणे त्यांनी या महिन्यात केलीय. दफन होऊन दोन वर्षं झाली." तिने कागद परत माझ्या हातात दिले. "मग आता कुणाला अटक करताय?"

कलम ४११: चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणारा. मी मनात ते कलम दोनदा म्हटलं. त्यात 'अप्रामाणिकपणे' असा शब्द आहे. नुसत्या मूर्खपणाला त्यात शिक्षा नाही, म्हणून मी वाचलो.

पुढचं काम सोपं होतं. एजंटला निरोप धाडला, "बाकीचे घेऊन या आणि पैसे न्या." संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी, उरलेला मुद्देमाल घेऊन पोलीस ठाण्यात आला. पंचांसमोर त्याची पिशवी उघडली. मग त्याने कबूल केलं: त्या रविवारी टीचरचा भाऊ चहा आणायला आत गेला तेव्हा त्याने कपाटावरच्या पाकिटातले कागद काढून घेतले होते आणि पाकीट होतं तसं ठेवलं होतं. कोठडीकडे जाताना तो मला म्हणतो कसा, "मी तर पहिल्यापासून तुम्हाला जमीनच घ्या म्हणत होतो!" समोर गिऱ्हाईक दिसलं की या जातीच्या माणसाला राहवत नाही, समोर फौजदार असला तरी. माझ्या तपासाला यश आलं ते त्याच्या या गुणामुळे आणि माझ्या त्या अवगुणामुळे.

वरिष्ठांनी कागद वाचले. "अर्धा माल जप्त कुणाकडून?"

"माझ्याकडून, सर."

"जप्त केला कुणी?"

"मीच, सर."

त्यांनी मला बाहेर उभं केलं. दार बंद झाल्यावर आतून हसण्याचा आवाज आला, मग एक मेमो आला. मेमोवर भागलं, कारण टीचरच्या नव्या जबाबात माझ्याविरुद्ध एक ओळ नव्हती. विनाकारण झडती, उकरलेली वाडी, दारात महिला शिपाई; तिने अर्ज केला असता तर मी सरळ घाटावर परत गेलो असतो, तेही वर्दीशिवाय. मी तसं तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अर्ज राहू द्या. खड्डे बुजवा."

रविवारी मी साध्या कपड्यांत गेलो. फाटकाबाहेर तिचा भाऊ उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. मला बघून तो माझ्या मागे मागे आत आला.

"बाय," तो बहिणीला म्हणाला, "कोर्टातून सुटले की अर्धे शेअर तुझे."

"मला नकोत."

"मग काय देऊ?"

"तू पोलिसांकडे गेलास. आधी माझ्याकडे का नाही आलास?"

तो रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं, मग पाठीवर थाप मारून फावडं हातात दिलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं माती ओढत होतो आणि ती ओट्यावरून शाळेतल्यासारखी ओरडत होती, "तुडवू नका! मुळं मोडतील! साहेब, तुम्हीसुद्धा!" जेवायला तिने दोघांना शेजारी शेजारी बसवलं. भावाच्या ताटात आधी वाढलं.

लोक मला अजून विचारतात, जमीन बरी की शेअर? पोलीसवाल्याला सगळं कळतं असा एक समज आहे. खरं सांगायचं तर दोन्हीही फुगतात, दोन्हीही बुडतात. त्यातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. पुढे बायकोने बोळिंजला खोल्या घेतल्या, त्यांतच राहतो. त्या केसनंतर मी एकच शिकलो. घरच्या माणसाविरुद्ध कुणी तक्रार घेऊन आला की पेन उचलण्याआधी मी त्याला विचारत असे, "त्यांच्याशी बोललात का?" पुष्कळ जण तसेच उठून घरी जात. वरिष्ठांना वाटे, माझ्या हद्दीत गुन्हे कमी होतात.

टीचर आता नाही. ती गेली तेव्हा मी गिरीजच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो. दफनासाठी सगळे बाहेर निघाले तेव्हा एका तरुणाने विचारलं, "तुम्ही टीचरचे कोण?" त्या गावात पोलीस तिच्या दारात अटकेला गेले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात तिचा भाऊ, पार म्हातारा झालेला, काठी टेकत आला आणि त्या पोराला म्हणाला, "आपलेच आहेत. यांना पुढे घे."